विश्लेषण : मार्व्हलही त्यांचे, डीसीही त्यांचे, मग खेळण्यांचे पैसे कुणी दिले? सुपरहिरोंचे चित्रकार जॅक किर्बी यांची गोष्ट

राजूरच्या गणपतीच्या यात्रेत किंवा नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायथ्याशी खेळण्यांची दुकाने लागतात. दोरीला लटकवलेल्या पाकिटांत कधी कधी एक गमतीशीर जोडी सापडते : निळ्या पोशाखातला सुपरमॅन आणि हातात ढाल घेतलेला कॅप्टन अमेरिका, दोघेही एकाच पुठ्ठ्यावर. मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात सुपरमॅन डीसीचा आणि कॅप्टन अमेरिका मार्व्हलचा, म्हणजे दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्यांचा. नकली माल बनवणाऱ्याला कुणाची परवानगी घ्यायची नसते, म्हणून ते इतक्या सहज शेजारी येतात.

रीतसर परवाने घेऊन असे एकत्र येणे दुर्मीळ असते आणि म्हणूनच संग्राहक अशा खेळण्यांच्या मागे असतात. मॅटेल कंपनीने 2010 मध्ये ही-मॅन आणि सुपरमॅन यांना एका खोक्यात आणले होते. दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेल्या पिढीला त्यातली मजा लगेच कळेल. त्याच्याही खूप आधी, 1970 च्या दशकात, अमेरिकेतील मेगो या कंपनीने मार्व्हल आणि डीसी या दोघांचेही नायक एकाच मालिकेत विकले. सुमारे आठ इंच उंचीच्या, कापडी कपडे घातलेल्या त्या पुतळ्यांत सुपरमॅन आणि बॅटमॅनसोबत कॅप्टन अमेरिका, हल्क, थॉर आणि फँटास्टिक फोरही होते. यातले मार्व्हलचे बहुतेक चेहरे ज्या हाताने प्रथम कागदावर उतरवले, तो हात जॅक किर्बी यांचा. मेगोच्या विक्रीतून त्यांना काही मिळाले नाही.

कोण होते जॅक किर्बी?

मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म 28 ऑगस्ट 1917, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत. आई-वडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. गल्लीत टोळ्यांच्या मारामाऱ्या रोजच्याच. हवेत झेपावून ठोसा मारणारी माणसे त्यांच्या चित्रांत पुढे जी दिसली, ती त्या गल्लीतूनच आली असे मानले जाते. चित्रकलेचे शिक्षण जवळपास नाहीच. प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला आणि आठवडाभरातच सोडला. नंतर पॉपायची कार्टून बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओत दोन चित्रांमधली चित्रे भरण्याचे काम केले. ते त्यांना कारखान्यातल्या पट्ट्यावरच्या कामासारखे वाटे.

जो सायमन हे सहकारी भेटले आणि दोघांनी कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्या अंकावर मार्च 1941 ही तारीख होती. मुखपृष्ठावर नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दिसतो, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. अंक तुफान खपला. प्रकाशकाने नफ्यात वाटा देण्याचे ठरवले होते, पण हिशेब चोख नसल्याचे लक्षात आल्यावर दहा अंकांनंतर ही जोडी बाहेर पडली आणि आज डीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत गेली. पैशाच्या हिशेबाचा हा पहिला धडा होता.

पुढे किर्बी स्वतःच युद्धावर गेले. ऑगस्ट 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. हा चित्रकार आहे हे कळताच त्यांना शत्रूच्या जवळ जाऊन भूभागाचे नकाशे रेखाटण्याचे काम देण्यात आले. त्या हिवाळ्यात गोठलेले पाय कापावे लागतात की काय, अशी वेळ आली होती. पाय वाचले आणि 1945 मध्ये ते सैन्यातून परतले.

मार्व्हलची ती दहा वर्षे

1958 च्या सुमारास ते पुन्हा जुन्या प्रकाशकाकडे आले. हीच कंपनी पुढे मार्व्हल झाली. 1961 मध्ये फँटास्टिक फोर आले, मग हल्क, थॉर, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स, 1966 मध्ये ब्लॅक पँथर. संपादक आणि लेखक स्टॅन ली अनेकदा पूर्ण पटकथा देत नसत. कथेवर थोडी चर्चा व्हायची, किर्बी पाने रेखाटून आणायचे, त्यानंतर ली संवाद भरायचे. त्यामुळे कथा नेमकी कुणाची, हा वाद आजही मिटलेला नाही. पानावर जे दिसते ते पाहता किर्बी यांना केवळ चित्रकार म्हणणे मात्र कठीण आहे.

किर्बी कंपनीचे नोकर नव्हते. पानामागे ठरलेली रक्कम मिळायची आणि व्यवहार तिथेच संपायचा. टी-शर्ट, कार्टून, खेळणी, पुढचे सगळे कंपनीचे. बियाण्यांची राजधानी म्हणवणाऱ्या जालन्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाकिटावर कंपनीचे नाव असते, वाण तयार करण्यासाठी हंगामामागून हंगाम घालवणारा माणूस कोण, हे विकत घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. फरक इतकाच, की बियाण्यांच्या बाबतीत आपल्याकडे 2001 चा वाण संरक्षण कायदा पैदासकाराचा हक्क मान्य करतो. 1960 च्या दशकात कॉमिक्सच्या चित्रकाराला आधार द्यायला असे काही नव्हते.

1970 मध्ये नाराज किर्बी डीसीकडे गेले. तिथे त्यांनी नव्या देवांची स्वतंत्र पुराणकथाच रचली आणि तिच्यातून डार्कसाइड हा खलनायक जन्मला. मालिका दोनेक वर्षांत बंद झाल्या. पुन्हा मार्व्हल, तिथे इटर्नल्स, आणि मग 1978 नंतर अ‍ॅनिमेशन स्टुडिओ. तिथे नियमित पगार आणि आरोग्य विमा मिळाला. साठी ओलांडलेल्या माणसाला तो आयुष्यात उशिरा लाभला. (याच काळात एका न बनलेल्या चित्रपटासाठी त्यांनी काढलेली संकल्पनाचित्रे अमेरिकी गुप्तहेरांनी इराणमधून राजनैतिक अधिकाऱ्यांना सोडवताना बनाव म्हणून वापरली. ‘आर्गो’ हा सिनेमा त्याच मोहिमेवर आहे.)

1984 : दोन फळ्या, एकच चित्रकार

त्या वर्षी अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानात शेजारी शेजारी दोन मालिका आल्या. एक मॅटेलची, मार्व्हलच्या पात्रांची ‘सीक्रेट वॉर्स’. तिच्यात कॅप्टन अमेरिका, डॉक्टर डूम, मॅग्नेटो आणि कांग होते, चौघेही किर्बींनी रेखाटून जगासमोर आणलेले. दुसरी केनर कंपनीची, डीसीच्या पात्रांची ‘सुपर पॉवर्स’. हिच्यातल्या पुतळ्यांचे पाय दाबले की हात ठोसा मारायचे.

‘सुपर पॉवर्स’च्या पुढच्या तुकडीत डार्कसाइड आणि त्याची टोळी घ्यायची ठरली. ही पात्रे 1970 मधली, म्हणजे जुन्या कराराखालची, त्यामुळे किर्बींना त्यावर मानधन देणे कंपनीवर बंधनकारक नव्हते. डीसीच्या प्रमुख जेनेट कान आणि पॉल लेव्हिट्झ यांनी वाट काढली. खेळण्यांसाठी या पात्रांचे नव्याने आरेखन करण्याचे काम किर्बींनाच दिले. आरेखन नवे, म्हणून नव्या नियमांनुसार विक्रीतला वाटाही देय. चाळीसहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीनंतर आपल्या पात्रांच्या खेळण्यांवर किर्बींना मानधन मिळाले ते असे. तांत्रिक पळवाट म्हणा हवे तर, पण ती बहुधा माणसाला नाडण्यासाठी वापरली जाते, इथे त्याला द्यायला वापरली गेली.

दुसऱ्या फळीचे काय? त्याच सुमारास मार्व्हल चित्रकारांना त्यांची मूळ पाने परत करत होती. इतरांना छोट्या पावतीवर सही पुरेशी होती. किर्बींपुढे मात्र हक्क सोडण्याचा चार पानी कागद ठेवला गेला. त्यांनी नकार दिला, व्यावसायिक चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि 1987 मध्ये सौम्य केलेल्या कागदावर सही करून सुमारे 2 हजार पाने घरी आली. त्यांनी मार्व्हलसाठी काढलेली पाने 10 हजारांहून अधिक होती.

मृत्यूनंतरचा दावा

6 फेब्रुवारी 1994 रोजी कॅलिफोर्नियात किर्बींचे निधन झाले. पात्रांवरून मोठे सिनेमे निघू लागले ते त्यानंतर. 2009 मध्ये डिस्नेने सुमारे 4 अब्ज डॉलरला मार्व्हल घेण्याची घोषणा केली आणि काही आठवड्यांतच किर्बींच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या 45 नोटिसा पाठवल्या. काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झाले, सबब हक्क कंपनीचेच, असा निकाल 2011 मध्ये लागला आणि 2013 मध्ये अपिलातही टिकला. (आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना मानधनाचा हक्क दिला. खेळण्यामागच्या चित्रकाराला तसा आधार नाही.)

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोहोचले होते. सुनावणीला घ्यायचे की नाही, यावर न्यायमूर्तींची चर्चा व्हायला काही दिवस उरले असताना, सप्टेंबर 2014 च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी तडजोड जाहीर केली. रक्कम गुप्त राहिली. त्यानंतरच्या मार्व्हलच्या अंकांत, जिथे वर्षानुवर्षे नाव एकट्या स्टॅन ली यांचे ठळक असायचे, तिथे जॅक किर्बी हे नावही निर्माते म्हणून छापले जाऊ लागले.