नवजाताच्या पहिल्या मिनिटाची नोंद घ्यायला शिकवणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

नवी दिल्ली, ७ जून : जन्मलेले बाळ जगेल का, या प्रश्नाला अंदाजाऐवजी मोजमापाचा आधार देणाऱ्या अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांची आज जयंती.

न्यू जर्सीतील वेस्टफील्ड येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या ॲपगार यांनी १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली. शल्यविशारद होण्याची त्यांची इच्छा होती. मात्र स्त्रियांना त्या क्षेत्रात फारसा वाव नसल्याने वरिष्ठांच्या सल्ल्यावरून त्या भूलशास्त्राकडे वळल्या. १९४९ मध्ये त्या कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक (फुल प्रोफेसर) झाल्या.

प्रसूतिगृहात त्या काळी सारे लक्ष मातेकडे असे. अशक्त, निळसर पडलेल्या बाळांसाठी अनेकदा प्रयत्नही होत नसत. ॲपगार यांनी हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग ही पाच लक्षणे निवडली. प्रत्येकाला शून्य ते दोन, असे एकूण दहा गुण. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये मांडली. पुढील वर्षी ती प्रसिद्ध झाली. कोणत्याही खास उपकरणाविना मिनिटभरात होणाऱ्या या तपासणीमुळे कोणत्या बाळाला तातडीने मदत हवी, हे डॉक्टर व परिचारिकांना स्पष्ट दिसू लागले. पुढे पाचव्या मिनिटाच्या नोंदीचीही प्रथा पडली.

या गुणांकनाला मर्यादाही आहे. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे स्नायू आणि श्वसन मुळातच अपरिपक्व असल्याने त्याचे गुण कमी भरतात. त्यावरून त्या एका बाळाचे भवितव्य ठरवता येत नाही. १९९३ मध्ये अतिशय कमी वजनाच्या बाळांसाठी ‘क्रिब’ ही स्वतंत्र पद्धत आली. तिच्यात जन्मवजन, गर्भावधी, जन्मजात व्यंग, रक्तातील आम्लतेची स्थिती आणि पहिल्या बारा तासांतील प्राणवायूची गरज विचारात घेतली जाते.

ॲपगार यांनी १९५९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या प्रतिबंधासाठी काम सुरू केले. व्हायोलिन व चेलो वाजवणाऱ्या ॲपगार स्वतः वाद्येही घडवत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. भारतासह जगभरातील प्रसूतिगृहांत बाळाच्या नोंदीवर आजही त्यांचे नाव लिहिले जाते.