बाळाचे लंगोट काळे पडायचे, त्यातून डॉक्टर पोचले अल्बिनिझमच्या कारणापर्यंत

१८९० च्या दशकाची अखेर. लंडनमधल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात एक तान्हं बाळ आलं. त्याची लघवी हवेत राहिली की काळी पडायची, त्यामुळे लंगोटही काळे.

तपासणारे डॉक्टर होते आर्किबाल्ड गॅरॉड. जन्म १८५७ चा, वडीलही नामांकित डॉक्टर. आर्किबाल्ड यांना नाद होता लघवीतल्या रंगांचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण पुढचं सगळं याच नादातून घडलं.

या आजाराला अल्काप्टोन्यूरिया म्हणतात. पोटातल्या जंतूंमुळे तो होतो, असं तेव्हा मानलं जायचं. गॅरॉडना ते पटेना. १९०१ मध्ये त्याच घरात नवं बाळ जन्मणार होतं. त्यांनी नर्सला पहिल्या तासापासून लंगोटांवर लक्ष ठेवायला सांगितलं. जन्मानंतर ५२ तासांनी डाग दिसला. म्हणजे दोष बाळ सोबत घेऊनच आलं होतं.

आईवडील सख्ख्या भावंडांची मुलं होती. अशा इतर काही घरांतही तेच आढळलं. (मामेबहिणीशी लग्नाची प्रथा असलेल्या आपल्याकडे हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.) बेटसन या शास्त्रज्ञाने त्यात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम ओळखले आणि १९०२ मध्ये गॅरॉडनी ते जगासमोर मांडलं.

१९०८ च्या व्याख्यानांत त्यांनी याच यादीत अल्बिनिझम घातला. केस पांढरे, कातडी फिकट, उजेडात डोळे दिपतात असा जन्मजात प्रकार. लोक त्याला कोड समजतात, पण कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच नंतर नष्ट होतात. अल्बिनिझममध्ये पेशी जागेवर असतात, रंग बनत नाही. गॅरॉडनी तर्क केला की मेलॅनिन बनवणारं एन्झाइमच या पेशींत नसावं.

तो तर्क कसा बरोबर होता, ते आजच्या माहितीवरून बघू. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमधून आपल्याला टायरोसिन मिळतं. मेलॅनोसाइट पेशींतलं टायरोसिनेज हे एन्झाइम त्यापासून डोपाक्विनोन बनवतं आणि पुढे मेलॅनिन तयार होतं. काळं-तपकिरी ते युमेलॅनिन. मध्ये सिस्टीन जोडलं गेलं तर लालसर फिओमेलॅनिन. हे कण शेजारच्या पेशींत जाऊन केंद्रकावर छत्रीसारखे बसतात आणि डीएनएला उन्हापासून वाचवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात मेलॅनोसाइट जवळपास तेवढेच असतात, फरक पडतो तो मेलॅनिन किती आणि कुठलं बनतं याने. अल्बिनिझमच्या एका प्रमुख प्रकारात टायरोसिनेजच बिघडलेलं असतं. तेव्हा कातडी लवकर भाजते, त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि डोळ्याचा पडदा नीट घडत नसल्यामुळे नजरही कमी राहते.

गंमत म्हणजे लंगोटातला काळा रंगही टायरोसिनचाच. टायरोसिन मोडताना होमोजेंटिसिक ॲसिड बनतं. ते पुढे मोडणारं एन्झाइम नसेल तर ते साचतं आणि हवेत काळं पडतं. एक एन्झाइम नाही म्हणून काळेपणा, दुसरं नाही म्हणून पांढरेपणा!

गॅरॉडना मान मिळाला. सर झाले, १९२० मध्ये ऑक्सफर्डचे रेजियस प्रोफेसर झाले. पण घर रिकामं झालं होतं. तीन मुलांपैकी दोघं पहिल्या महायुद्धात गेले, तिसरा १९१९ मध्ये फ्लूने. उरली मुलगी डोरोथी. ती पुरातत्त्वज्ञ झाली आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पहिली महिला प्रोफेसर. ते बघायला वडील नव्हते, १९३६ मध्येच गेले.

त्यांच्या कल्पनेकडे मात्र आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं. जीन एन्झाइम ठरवतो, हे बीडल आणि टेटम यांनी बुरशीवर प्रयोग करून १९४१ मध्ये दाखवलं. १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा बीडलनी श्रेय गॅरॉडना दिलं. त्याच वर्षी अल्काप्टोन्यूरियात नेमकं कुठलं एन्झाइम नसतं, तेही प्रयोगशाळेत सापडलं.