भूगोल नाचवून दाखविणारा राजा

वाचकहो, समुद्रसफरीकडे लोकांचे मन वळविण्यासाठी जहाज कंपन्या नृत्यगायनाचे कार्यक्रम योजतात, ही कल्पना आपणांस अगदी आजची वाटत असेल. परंतु दूरदेशांची ओढ नृत्यगीतांच्या द्वारे निर्माण करण्याचा प्रयोग सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या एका मराठी राजाने केला होता. आणि त्याला तर कोणतेही तिकीट विकावयाचे नव्हते!

दुसरे सरफोजीराजे भोसले यांचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि मृत्यूपूर्वी जर्मन मिशनरी रेव्ह. श्वार्ट्झ यांच्यावर त्यांचा भार सोपविला. पण दत्तकविधान अवैध ठरले, गादी अमरसिंहाला मिळाली आणि हा बालक राजवाड्यात जणू बंदिवान झाला. श्वार्ट्झसाहेबांनी खटपट करून १७९३ मध्ये त्यास शिक्षणासाठी मद्रासेस हलविले व त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे सतत दाद मागितली. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहावयास गुरू मात्र उरला नव्हता. फेब्रुवारीतच त्यांना देवाज्ञा झाली होती.

पुढच्याच वर्षी तह होऊन राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांची सत्ता किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. दुसरा कोणी विलासात बुडाला असता. सरफोजींनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीती मराठीत छापविली. शिवाय ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य रचिले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत हिंडणारी डोंगरी स्त्री. तमिळ देशातील या लोकप्रिय नाट्यप्रकारात ती आपल्या मुलखाचे वर्णन गाते. राजांनी तिच्या मुखी साऱ्या जगाचा भूगोल घातला.

हा मार्ग त्यांनी का निवडला असेल, हे त्या भूमीकडे पाहिले म्हणजे उमगते. जवळच कावेरीतीरी तिरुवैयारु येथे त्याच काळी संत त्यागराज राहत होते. त्यांनी कृष्ण व गोपींच्या यमुनेवरील नौकाविहारावर ‘नौकाचरित्रम्’ हे तेलुगू गेयनाट्य रचिले. जेथे नौकेचा प्रवासही गाऊन सांगितला जातो, तेथे पाठ्यपुस्तकापेक्षा गीतच लवकर घरोघर पोहोचणार!

स्वतः राजांनी समुद्र कधी ओलांडला नाही. १८२० मध्ये सुमारे ३००० माणसांसह ते काशीयात्रेस गेले. १८३२ मध्ये त्यांचा अंत झाला.

ते अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्याच धर्मात राहिले. तरीही गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करविले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झसाहेबांना भेटावयास आलेला शिष्य त्यात दिसतो. तंजावरच्या चर्चमध्ये ते आपण पाहू शकता. गुरूने अनाथ मुलाला अट न घालता ज्ञान दिले. शिष्याने तेच ज्ञान, मोल न मागता, आपल्या लोकांपुढे गाऊन मांडले. वाचकहो, आपल्यापाशी असलेले ज्ञान आपण कोणत्या अटीवर देतो?