मदर अल्फोन्सा : कॅन्सरच्या गरीब रुग्णांची माउली



आपल्या कोल्हापुरातून कॅन्सरच्या उपचारांसाठी कोणी मिरजेला जातो, कोणी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात. आजार हाताबाहेर गेला की रुग्णाला घरी आणतात. मग घरची माणसे स्वयंपाकघरात कुजबुजतात. रुग्णाशी मात्र त्याविषयी कोणीच बोलत नाही. अशा वेळी आम्हांला मदर अल्फोन्सा यांची आठवण होते.

त्यांचे मूळ नाव रोझ. प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न यांची ही धाकटी मुलगी १८५१ साली जन्मली. रोझ यांचा एकुलता एक मुलगा चार वर्षांचा असताना वारला. १८९१ मध्ये पती-पत्नी दोघेही कॅथोलिक झाले. पुढे मात्र ते वेगळे झाले. त्या काळी लोक कॅन्सरला संसर्गजन्य समजत. गरीब रुग्णाला घराबाहेर काढले जाई आणि न्यूयॉर्कच्या एका बेटावरील निराधारगृहात त्याचा शेवट होई. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची अशी गत झाल्याचे रोझ यांच्या कानी आले. त्यांना ते सहन झाले नाही.

१८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्या कॅन्सर रुग्णालयात शुश्रूषा शिकल्या. गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी अशा रुग्णांना आपल्याजवळ ठेवले. १९०० साली त्या डॉमिनिकन सिस्टर झाल्या. त्यांचे नियम साधे होते : रुग्णाकडून किंवा नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, जखम धुताना किळस दाखवायची नाही, त्याच्यावर प्रयोग होऊ द्यायचे नाहीत. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याला दार उघडे होते. ९ जुलै १९२६ रोजी त्या झोपेतच देवाघरी गेल्या. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले.

हीच सेवा मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदनात १९८६ पासून चालते.

आपण घरी काय करावे? रुग्णाला वेळीच विचारावे : शेवटचे दिवस कुठे घालवायचे आहेत? कोणाला भेटायचे आहे? कोणाशी समेट करायचा आहे? व्हेंटिलेटर हवा की नको? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. जीव घेणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. पण केवळ यातना लांबवणारे उपचार नाकारता येतात. अन्नपाणी, वेदनाशमन आणि प्रेम मात्र थांबवू नये.

आणि धर्मगुरूंना शुद्ध हरपल्यावर बोलावू नये. रुग्ण बोलू शकतो, पापकबुली देऊ शकतो, ख्रिस्तशरीर घेऊ शकतो, तेव्हाच बोलवावे. आजाऱ्यांचा तेलाभ्यंग ही मरणाची वर्दी नव्हे, ते प्रभूचे सांत्वन आहे.

या आठवड्यात आपल्या शेजारच्या एका रुग्णाच्या उशाशी आपण थोडा वेळ बसू या.