नारायण वामन टिळक आणि ‘मी’पणाचा त्याग

प्रार्थना म्हणजे देवापुढे मागण्यांची यादी वाचणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ‘मी’ सरल्यावाचून प्रार्थना पुरी होत नाही, हे ज्यांनी आचरून दाखविले त्या टिळकांचे चरित्र आम्ही आज सांगतो.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला. प्राथमिक शिक्षण अंजूरपासून जवळच असलेल्या कल्याणास झाले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही कित्येक वर्षे ताटातूट झाली. परंतु घर सुटले म्हणजे अहंकार सुटतोच असे नाही. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत कवी व वक्ता म्हणून त्यांस मोठा मान मिळाला.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तचरणांशी आलो, असे ते मानीत; अभंगांतून ख्रिस्तास माउली म्हणून आळवीत. माउलीच्या मांडीवरील लेकरास मानमरातब कशाला? १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, ही त्यांची इच्छा होती.

ता. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस प्रभूकडे गेले. दरबार रुजला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. नावासाठी झटणाऱ्यास हे अपयश वाटेल. पण त्यांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात.

बंधुभगिनींनो, मंडळीत मानाच्या जागेवरून रुसवा आला, तर घटकाभर प्रभूपुढे काही न मागता मुकाट्याने बसावे. रुसणारा कोण, हे तेथे आपोआप कळते.