शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराज

श्रीक्षेत्र पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरी. गोदामाईच्या उत्तर तीरावरील या पुण्यभूमीत सुमारे इ. स. १५३३ मध्ये श्री एकनाथ महाराजांचा जन्म झाला. थोर विठ्ठलभक्त संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणीबाई यांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. गुरुभेटीच्या ओढीने ते बालवयातच देवगिरीस गेले व श्री जनार्दनस्वामींच्या चरणी सेवेत रुजू झाले.

स्वामींनी त्यांच्यावर हिशेबाचे काम सोपविले होते. एकदा हिशेबात एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर वह्या तपासत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसारातील मूळ चूक उमगल्यावर तो किती व्हावा, हे स्वामींनी त्या वेळी शिष्याच्या लक्षात आणून दिले. आपली चूक शोधावी ती स्वतःला दूषणे देत बसण्यासाठी नव्हे, तर ती सुधारण्यासाठी, हाच या प्रसंगाचा बोध होय.

पुढे गुर्वाज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले व गिरिजाबाईंसह त्यांनी आदर्श गृहस्थाश्रम चालविला. इ. स. १५७३ मध्ये वाराणसी येथे एकनाथी भागवत पूर्ण झाले, तर इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

नाथांची खरी थोरवी मात्र त्यांच्या आचरणात दिसते. समोरच्याचा दोष पाहण्यापूर्वी त्याची व्यथा पाहावी, हा त्यांचा सहजधर्म होता. रामेश्वरासाठी आणलेले कावडीतील गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा सुगंध येऊन भुकेने व्याकूळ झालेल्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना त्यांनी तेच अन्न आदराने वाढले. याबद्दल ब्रह्मवृंदाचा रोष त्यांना सोसावा लागला. तथापि रोष करणाऱ्यांविषयीही त्यांनी मनात कटुता ठेवली नाही.

नाथांना क्रोध आणून दाखविल्यास दोनशे रुपये देऊ, असे काही कुटाळांनी एका गरीब ब्राह्मणास सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. मुलाच्या मुंजीसाठी त्यास पैशाची निकड होती. नाथ पूजेस बसले असता तो थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. भोजनाच्या वेळी वाढण्यासाठी वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरही तो चढला. तो पडू नये म्हणून नाथांनी पत्नीस जपण्यास सांगितले, तेव्हा मुलाला पाठीवर घेण्याची सवय असल्याने आपण त्यास पडू देणार नाही, असे त्या माउलीने हसून सांगितले. ब्राह्मणाने खजील होऊन खरी हकीकत सांगताच नाथांना वाईट वाटले. आधी कळते तर आपण रागावून दाखविले असते व त्याचे काम झाले असते, असे ते म्हणाले. आपल्या शांतीच्या कीर्तीपेक्षा त्या पित्याची अडचण त्यांना मोठी वाटली.

नाथांची कठीण परीक्षा घरातच झाली. पुत्र हरिपंडित यांस पित्याचे प्राकृतातील प्रवचन व परान्नसेवन पटत नसे. ते रुसून काशीस गेले. नाथ स्वतः तेथे गेले आणि या दोन्ही गोष्टी सोडण्याची मुलाची अट मान्य करून त्यांस घरी घेऊन आले. पुढे हरिपंडितांच्या प्रवचनास श्रोते येईनासे झाले. कालांतराने पित्याचा अधिकार ओळखून ते नाथांना शरण गेले. तोवर नाथांनी त्यांस एका शब्दानेही दुखविले नाही.

इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. ही तिथी नाथषष्ठी म्हणून साजरी होते व असंख्य वारकरी दिंड्यांसह पैठणास येतात. समाधीपुढे मस्तक ठेवताना भाविकांनी ज्याच्याविषयी मनात अढी आहे अशा एका माणसाचे स्मरण करावे, त्याच्या दोषामागील दुःख जाणण्याचा यत्न करावा आणि स्वतःच्या चुकांकडेही त्याच ममतेने पाहावे. नाथांच्या चरणी हीच खरी सेवा होय.