पाईपमधला जादूगार : वॉल्टर काडेन

आपल्या अचलपूर-परतवाड्यात एक समज पक्का आहे. गाडीचा आवाज वाढला की पॉवर वाढली! जुनी आरएक्स 100 हाती आली की पहिलं काम काय, तर सायलेन्सरच्या आतली नळी काढून फेकायची, नाहीतर कंपनीचा सायलेन्सरच उतरवून सरळ पाईप ठोकायचा. मग गाडी अख्ख्या गावाला ऐकू येते. पण चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर स्पीड पडला की तीच गाडी उचल खात नाही. असं का होतं?

मित्रांनो, कंपनीने बसवलेला पाईप फक्त धूर बाहेर सोडायला असतो का? की इंजिनच्या ताकदीशीही त्याचा काही संबंध असतो? या प्रश्नाच्या उत्तरामागे एका माणसाने आयुष्य घातलं. त्याचं नाव वॉल्टर काडेन.

काडेनचा जन्म 1 सप्टेंबर 1919 रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात पोबरशाऊ या गावी झाला. जवळच्याच त्शोपाऊ गावात डीकेडब्ल्यू या मोटारसायकल कंपनीचा कारखाना होता. वडील त्याच कंपनीत एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. 1927 साली न्यूरबर्गरिंग हा प्रसिद्ध रेस ट्रॅक सुरू झाला, तेव्हा हा सात वर्षांचा पोरगा उद्घाटनाला हजर होता. तिथे जे वेड लागलं ते जन्मभर टिकलं.

पुढे केमनिट्झला त्याने तांत्रिक शिक्षण घेतलं आणि 1940 मध्ये हेन्शेल या विमान कंपनीत नोकरी धरली. तिथे रेडिओने दिशा देता येणाऱ्या रॉकेट-बॉम्बवर काम चालायचं. म्हणजे त्याची सुरुवातीची हुशारी नाझी जर्मनीच्या शस्त्रांसाठी खर्ची पडली. चरित्र लिहायचं तर ही बाजूही सांगायलाच हवी.

युद्ध संपलं, देशाचे दोन तुकडे झाले आणि त्याचं गाव कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गेलं. काडेनने लाकडाचा धंदा सुरू केला आणि फावल्या वेळात डीकेडब्ल्यूच्या 125 सीसी गाडीवरून स्वतःची रेसिंग बाईक बनवली. ती एवढी पळाली की 1953 मध्ये त्शोपाऊच्या कारखान्याने त्यालाच रेसिंग विभागाचा प्रमुख केलं. हाच कारखाना पुढे एमझेड नावाने ओळखला गेला. पैसा कमी, चांगलं मटेरियल मिळायची मारामार आणि समोर होंडासारख्या श्रीमंत कंपन्या. अशा परिस्थितीत त्याने हात घातला तो टू-स्ट्रोक इंजिनला.

आता थोडं थिअरीकडे वळू. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट उघडतात. जळलेला वायू बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं बरंचसं जळायच्या आधीच एक्झॉस्टमधून पळून जातं. पेट्रोल वाया, पॉवरही वाया. त्यामुळे टू-स्ट्रोक म्हणजे गरिबाचं इंजिन, असंच सगळे समजायचे.

एरिक वोल्फ या डीकेडब्ल्यूच्या इंजिनिअरने 1951 च्या सुमारास एक्झॉस्टला फुगीर पाईप लावून पाहिला होता. काडेनने त्या कल्पनेचं शास्त्र केलं. ऑसिलोस्कोप लावून त्याने पाईपमधल्या लहरींचा अभ्यास केला. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लहर पाईपमधून धावते. पाईप जिथे रुंद होत जातो तिथून ती ओढणारी लहर बनून परत फिरते आणि सिलिंडर साफ करते, शिवाय ताजं मिश्रण ओढून घेते. पुढे पाईप जिथे अरुंद होतो तिथून ती ढकलणारी लहर बनून येते आणि पळालेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते! 10,800 आरपीएमला इंजिनचा एक फेरा सुमारे 5.6 मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात हे सगळं जमायला हवं. लांबी किंवा कोन चुकला की लहर अवेळी पोहोचते आणि पॉवर पडते.

या पाईपला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. त्याला डॅनियल झिमरमनच्या रोटरी डिस्क व्हॉल्व्हची आणि एका जादा ट्रान्स्फर पोर्टची जोड मिळाली. 1961 मध्ये काडेनच्या 125 सीसी इंजिनने 25 हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे 200, तीही सुपरचार्जरशिवाय. आपल्या पार्किंगमधली आजची साधी 125 सीसी बाईक साधारण 11 देते!

त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप हातात आल्यासारखी होती. एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर गुणांत पुढे होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या रेसनंतर डेग्नर पश्चिमेकडे पळाला. बायकोमुलांना कारच्या डिकीत लपवून आधीच सीमेपार नेलं होतं. डेग्नर गेला तो सुझुकीकडे, आणि जाताना काडेनची सगळी विद्या घेऊन गेला. त्या वर्षीचं विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं. 1962 मध्ये डेग्नर सुझुकीच्या 50 सीसी टू-स्ट्रोकवर विश्वविजेता झाला.

काडेन मात्र त्शोपाऊलाच राहिला. एमझेडने 1976 पर्यंत 13 ग्रां प्री रेस जिंकल्या, पण विश्वविजेतेपद कधीच आलं नाही. आणि जगाने काय केलं? 1975 ते 2001 पर्यंत 500 सीसी गटाचं प्रत्येक विजेतेपद टू-स्ट्रोकने जिंकलं, त्याच तत्त्वाच्या पाईपवर. आपल्या आरएक्स 100 च्या सायलेन्सरच्या पोटातही तेच तत्त्व आहे. काडेन 3 मार्च 1996 रोजी गेला, आणि योगायोग असा की भारतात आरएक्स 100 सुद्धा 1996 मध्येच बंद झाली.

कुणी म्हणेल, हे सगळं बाईकचं झालं, स्पोर्ट्स कारचं काय? फोर-स्ट्रोकमध्येही लहरी असतातच. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही क्षणभर एकत्र उघडे असतात, तेव्हा ओढणारी लहर पोहोचली की सिलिंडर चांगला भरतो. म्हणूनच हेडरच्या नळ्यांची लांबी मोजून ठेवतात. फोर्डच्या जीटी 40 या रेसिंग कारमध्ये व्ही-8 इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या सापांच्या वेटोळ्यासारख्या एकमेकींत गुंफल्या होत्या. शोभेसाठी नव्हे, तर प्रत्येक बाजूला धक्के समान अंतराने यावेत म्हणून.

अर्थात कंपनीचा पाईप हा काही देवाचा प्रसाद नाही. त्यात आवाज, प्रदूषण, खर्च आणि पॉवर यांची तडजोड असते. काडेनने तर आयुष्यभर पाईपच बदलले! पण तो मोजून बदलायचा. आपल्यापैकी जी मुलं बाजा किंवा सुप्रा स्पर्धेसाठी गाडी बनवतात, ती बहुतेक वेळा इंजिन, चॅसिस, सस्पेन्शनवर महिने घालवतात आणि एक्झॉस्ट शेवटच्या रात्री जागा उरेल तसा वेल्ड करतात. पुढच्या वेळी त्या पाईपचं कॅल्क्युलेशन पहिल्या आठवड्यातच करा. काडेनला जे ऑसिलोस्कोपवर बघावं लागलं, ते आज आपल्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर करता येतं.